चाळणीकाका

काकूंना रवा चाळायचा असला की त्या आधी अंगणात डोकावतात. चाळणी घरात असण्याचा संभव कमीच. ती बहुधा नळाखाली, काकांच्या हातात असते आणि तिच्यात हिरवट चिखल असतो.

"अहो, रव्याची नेली का?"

"रव्याची नाही, मैद्याची नेली. रव्याच्या भोकांतून माझे सगळे निघून जातात ना."

'माझे' म्हणजे कोण, हे नागपुरातल्या आमच्या कॉलनीत आता कोणी विचारत नाही. एका नव्या भाडेकरूने एकदा विचारलं होतं. संध्याकाळी साडेसातला विचारलं, आणि साडेनऊला त्याच्या बायकोने गॅलरीतून हाका मारल्या तेव्हा तो सुटला. तोवर त्याला ऑस्ट्राकॉड म्हणजे काय, ते खातात काय, कात किती वेळा टाकतात आणि टाकळीच्या मातीत ते कुठल्या थरात मिळतात, एवढं तोंडपाठ झालं होतं. डिपॉझिट परत कधी मिळणार हे विचारायचं मात्र राहून गेलं. घरमालक काकाच होते.

ऑस्ट्राकॉड म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या गोतावळ्यातला अगदी शेंडेफळ म्हणावा असा जीव. कोळंबीचं पिल्लू मसुराच्या डाळीच्या दोन पाकळ्यांत कोंबून पाकळ्या पाठीकडून बिजागरीने जोडल्या, की जे होईल ते. फक्त मसूर तिळाहून लहान घ्यायचा. तळ्यात, विहिरीत, भाताच्या खाचरात हे आजही पोहत असतात. मेल्यावर आतला जीव कुजून जातो, चुन्याच्या दोन शिंपा गाळात उरतात आणि त्या उरलेल्या शिंपांवर काकांचं पेन्शन खर्च होतं.

काका एका कॉलेजच्या भूशास्त्र विभागात चौतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. दगड कापायचा, काचेवर चिकटवायचा आणि त्यातून पलीकडचं दिसेल इतका पातळ घासायचा, हे त्यांचं काम. साहेब लोक आले, गेले, लेक्चररचे प्रोफेसर झाले. त्यांच्या शोधनिबंधांच्या शेवटी, आभाराच्या परिच्छेदात, टंकलेखकाच्या आधी काकांचं नाव असायचं. दोनदा ते चुकीचं छापून आलं. काका हे हसत सांगतात, पण ते दोन्ही अंक त्यांच्या कपाटात आहेत आणि नेमकी तीच पानं दुमडलेली आहेत. निवृत्तीच्या वेळी विभागाने भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं, तर काकांनी त्याऐवजी भंगारात निघालेला जुना मायक्रोस्कोप मागून घेतला. त्याच्या डाव्या भिंगात बुरशी आहे. म्हणून काका डावा डोळा मिटून बघतात. आता सवय अशी जडली आहे की माणसांकडेही तसंच बघतात. कॉलनीत नव्याने राहायला आलेल्या बायकांचा सुरुवातीचा महिनाभर त्यांच्याबद्दल फार गैरसमज असतो.

एका हिवाळ्यात दुपारी त्यांनी मला त्या मायक्रोस्कोपपुढे बसवलं. माती धुण्याच्या सोड्यात दोन दिवस भिजवून, उकळून, चाळून, काकूंच्या ताटात वाळवून तयार होती. काकांनी चिमूटभर माल काळ्या ट्रेवर पसरला. तीन शून्य नंबरचा ब्रश ओठांनी ओला करून टोकाने एक कण उचलला आणि म्हणाले, "पाहा. श्वास सोडू नको."

आधी नुसता काळोख दिसला. मग माझ्या पापण्या दिसल्या. मग एकदम, दुधाच्या दातासारखं पांढरंशुभ्र काहीतरी. एक टोक गोल, दुसरं जरा निमुळतं, कडेला बिजागरीची बारीक खाच. मधोमध चार-सहा पुसट ठिपके, साखरेचं बोट लागावं तसे.

"ठिपके दिसून राहिले का? तिथं त्याचा स्नायू चिकटलेला होता. बाहेर जरा खुट्ट झालं की हा दार आतून ओढून घ्यायचा. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी. टाकळीत."

"टाकळीत?"

"आपल्या टाकळीत. तुझी मावशी राहते ना, तिथं."

मावशीच्या घराखाली काय काय आहे ते मला त्या दिवशी कळलं. दख्खनचा काळा दगड एका दमात झालेला नाही. लाव्हा यायचा, थिजायचा, मग काही हजार वर्षं सामसूम. त्या सामसुमीत खोलगट जागी पाणी साचायचं, तळी व्हायची, आणि तळं झालं की ऑस्ट्राकॉड हजर. पुढचा लाव्हा येऊन तळं झाकून टाकायचा. त्याच्यावर पुन्हा तळं, पुन्हा हेच. हे पोचायचे कसे? यांची अंडी वाळली तरी मरत नाहीत. वाऱ्याबरोबर, पाखरांच्या पायांच्या चिखलातून कुठेही जातात. शिवाय बऱ्याच जातींत एकटी मादी नराविना वंश चालवते. म्हणजे रिकाम्या तळ्यावर एक अंडं पडलं तरी वस्ती उभी. "प्लॉट रिकामा दिसला की कब्जा," काका अभिमानाने म्हणतात. हे सांगताना त्यांचा आवाज एखाद्या पुढाऱ्यासारखा होतो.

हे सगळं पहिल्यांदा हुडकणाऱ्यांपैकी एक स्टीफन हिस्लॉप. नागपूरकराला हिस्लॉप म्हणजे कॉलेज. काकांना हिस्लॉप म्हणजे जवळजवळ कुलपुरुष. हा स्कॉटिश मिशनरी १८४५ साली धर्मप्रसाराला इथं आला आणि रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याला घेऊन दगड फोडत हिंडू लागला. १८५५ मध्ये दोघांनी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात नागपूरच्या दगडांवर आणि जीवाश्मांवर लिहिलं. "त्याने किती लोकांचा धर्म बदलला ते मला माहीत नाही," काका म्हणतात, "पण दगडांनी त्याला बाटवला बाप्पा." सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना हिस्लॉप नाल्याच्या पुरात बुडून गेला. त्या महिन्यात एक दिवस काका रात्री जेवत नाहीत. काकूंना वाटतं पोट बिघडलं असेल, म्हणून त्या त्यांना ओवा देतात.

काकांचा एकच हाडवैरी आहे. डायनोसॉर. पेपरात डायनोसॉरचं अंडं सापडल्याची बातमी आली की त्यांचा चहा निवतो. "अंडं! माझ्या एकेका चमचा मातीत पंचवीस जण निघून राहिले, तर त्यांना आतल्या पानावर दोन ओळी नाही. आणि ह्याचं एक अंडं, तर फोटोसकट पहिल्या पानावर!" नातवाने वाढदिवसाला रबरी डायनोसॉर मागितला तेव्हा त्यांनी घेऊन दिला खरा, पण बरोबर एक भिंगही दिलं आणि म्हणाले, "ह्याच्याने ह्याला पाहू नको. ह्याच्या पायाखाली पाहा."

त्यांचा बदला मात्र चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याने घेतला. वरोऱ्याजवळच्या या गावात डायनोसॉरची हाडं मिळतात आणि त्या काळच्या जनावरांचं दगड झालेलं शेणही मिळतं. २०१५ साली संशोधकांनी त्या शेणातले अवशेष तपासून प्रसिद्ध केले. त्यात ऑस्ट्राकॉड निघाले. पाणी पिताना घोटाबरोबर पोटात गेले असावेत. ही बातमी काकांना कळली त्या दिवशी त्यांनी कॉलनीत पेढे वाटले. "म्हणजे तुमचे त्याने खाल्ले ना काका?" मी म्हटलं. "खाल्ले. पचवले नाहीत," काका म्हणाले आणि मिटलेला डावा डोळा आणखी घट्ट मिटला. "शेणातून निघून आज लंडनच्या मासिकात छापून येऊन राहिले. तो कुठं आहे?" मासिक लंडनचं नव्हतं. काकांच्या लेखी छापून येण्यासारखं सगळं लंडनलाच छापून येतं.

एवढं मोठं काळमान डोक्यात घेऊन वावरणाऱ्या माणसाला रोजचा हिशेब जमत नाही. "परवा" म्हणजे काकांच्या बोलण्यात इंग्रज यायच्या आधीपर्यंत काहीही असू शकतं. वीजबिलाची शेवटची तारीख उलटून गेली की ते म्हणतात, "आत्ताच तर आलं होतं." माणसांची विभागणीही त्यांनी आपल्या पद्धतीने केलेली आहे. ऑस्ट्राकॉड मोठा होईस्तोवर आठ वेळा कात टाकतो आणि दर वेळी दोन्ही शिंपा फेकून नव्या करतो. म्हणजे एकाच जीवाच्या अठरा शिंपा गाळात जमा होतात आणि मोजणाऱ्याने जपून मोजावं लागतं. याचाच लांबचा भाऊबंद, पावसाळी डबक्यातला क्लॅम श्रिम्प, याच्या उलट. तो वाढतो, पण जुनी शिंप टाकत नाही, तिलाच नवीन कड लावत जातो. झाडाच्या खोडासारख्या रेघा पडतात. तर माणसंही दोनच जातींची. काका पहिल्या जातीचे. म्हणून त्यांचे चष्मे, छत्र्या आणि पावत्या विदर्भभर पसरलेल्या आहेत. काकू दुसऱ्या जातीच्या. त्यांच्या माळ्यावर १९८२ सालच्या रुखवतातला रंगीत पंखासुद्धा आहे.

क्लॅम श्रिम्पचा विषय निघालाच आहे तर खड्ड्याचं सांगितलं पाहिजे.

कॉलनीच्या तोंडाशी एक खड्डा होता. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला की आठवड्याभरात त्यात पाठीवर पारदर्शक शिंपले घेऊन इवले जीव तुरुतुरु पोहू लागायचे. काका छत्री धरून खड्ड्याकाठी उकिडवे. स्कूटरवाले शिव्या देत वळसा घालून जायचे. एका वर्षी डांबराची गाडी आली. काका खड्ड्यापुढे आडवे उभे.

"हा बुजवायचा नाही."

मुकादम म्हणाला, "साहेब, तक्रार आली आहे. खड्डा तीन वर्षांचा आहे."

"आणि ह्यांचं घराणं चाळीस कोटी वर्षांचं आहे."

मुकादमाने वाकून पाण्यात पाहिलं. जरा विचार केला. म्हणाला, "मग तर अतिक्रमण नियमित झालं असेल."

मुकादमाला पुढचं ऐकावंच लागलं. ह्या प्राण्यांचे जीवाश्म चंद्रपूर जिल्ह्यातल्याच मांगली गावच्या दगडात मिळाले आहेत. १८६२ मध्ये रुपर्ट जोन्स या इंग्रज पंडिताने जगभरच्या अशा जीवाश्मांवर अख्खा ग्रंथ लिहिला आणि मांगलीच्या जातीला गावाचं नाव दिलं, इस्थेरिया मांगलिएन्सिस. पुढे लक्षात आलं की इस्थेरिया हे नाव एका माशीला आधीच देऊन झालं होतं. शास्त्राच्या दरबारात आधी आला तो खरा, म्हणून यांना नाव सोडावं लागलं. "आमच्या रेशनकार्डातही असंच झालं," मुकादम म्हणाला. त्या दोघांचं इतकं जमलं की डांबर गार होत आलं. शेवटी तोड निघाली. काकांनी खड्ड्यातला गाळ घमेल्याने उपसला आणि काकूंच्या कपड्यांच्या टबात भरला. मग खड्डा बुजला. टब उन्हाळाभर गच्चीवर भेगा पडेस्तोवर वाळला. पुढच्या जूनमध्ये त्यात पावसाचं पाणी भरलं आणि सहाव्या दिवशी सगळे पुन्हा पोहायला हजर. काकूंनी दुसरा टब आणला. त्यावर त्यांनी नेलपॉलिशने 'कपड्यांचा' असं लिहून ठेवलं आहे.

मुलीच्या लग्नाची बोलणी मात्र जवळजवळ मोडली होती. अमरावतीहून मंडळी आली होती. मुलाच्या मामांनी नुसतं विचारायचं म्हणून विचारलं, "मग सध्या काय नवीन?" काकूंनी स्वयंपाकघराच्या दारातून डोळे वटारले, पण मायक्रोस्कोपच्या सवयीमुळे काकांचा त्या बाजूचा डोळा बंद होता.

"नवीन म्हणजे, म्यानमारच्या राळेत दहा कोटी वर्षांपूर्वीचे ऑस्ट्राकॉड सापडले. २०२० मध्येच जाहीर झालं. झाडाचा डिंक अंगावर ओघळला आणि आतच राहिले. त्यातल्या एका मादीच्या पोटात शुक्राणू शाबूत. जगातले सगळ्यात जुने. आणि लांबी किती? शरीराच्या एक तृतीयांश तरी! आजच्या काही जातींत तर शरीराच्याही कितीतरी पट लांब असतात. गुंडाळी करून ठेवावे लागतात."

मामांनी शेवयांच्या खिरीची वाटी हळूच खाली ठेवली.

शांतता पसरली. मुलाची आई पदर सारखा करू लागली. आपलं काहीतरी चुकलं हे काकांना दिसलं. काय चुकलं ते दिसलं नाही. सावरायला म्हणून ते घाईघाईने म्हणाले, "सगळेच तसे नसतात हो. डार्विन्युलिडी नावाचं एक घराणं आहे, अगदी सोवळं. वीस कोटी वर्षं त्यात नरच नाहीत असं मानायचे. माद्याच माद्यांना जन्म देत आल्या."

"म्हणूनच टिकलं वीस कोटी वर्षं," दारातून काकू म्हणाल्या.

आधी मुलाची आई हसली. मग मामाही हसले आणि त्यांनी वाटी परत उचलली. तारीख त्याच बैठकीत ठरली. मंडळी गेल्यावर काकांनी हलक्या आवाजात पुस्ती जोडली, "तसे २००६ मध्ये जपानच्या याकुशिमा बेटावर त्या घराण्यातले नर सापडले म्हणा."

"आलेच का तडमडत?" काकू म्हणाल्या.

मुलगा मुंबईला, वरळीत राहतो. काका तिथं चार दिवसांवर टिकत नाहीत. वरळीच्या दगडात एकोणिसाव्या शतकात बेडकांचे चिमुकले सांगाडे आणि त्यांच्याबरोबर ऑस्ट्राकॉड निघाले होते. बाविसाव्या मजल्यावरच्या खिडकीतून काका खाली बघतात आणि सुनेला म्हणतात, "तू बेडकांच्या डबक्यावर राहून राहिली." सुनेने हे किटीत सांगितलं. तेव्हापासून त्या इमारतीतल्या बायका पाणी तपासून घेतात.

संध्याकाळी काका फिरायला निघतात ते लोकांच्या कंपाउंडच्या भिंतींवर टॉर्च मारत. वॉचमन त्यांना ओळखतात. यामागे स्कॉटलंडमधल्या राइनी गावाची कथा आहे. तिथं १९१२ साली विल्यम मॅकी नावाच्या डॉक्टरला गावातल्या दगडी कुंपणांत गारेसारखे चकचकीत दगड दिसले. गरम पाण्याच्या झऱ्यांनी चाळीस कोटी वर्षांपूर्वी एक अख्खी दलदल जशीच्या तशी त्या दगडात गोठवून ठेवली होती. झाडांच्या देठांतल्या पेशी दिसतात, इतकी जशीच्या तशी. त्या दगडात तीन मिलिमीटरचा एक गोड्या पाण्याचा जीव होता, पायांना पिसांसारखे केस असलेला. स्कॉरफील्ड नावाच्या हौशी माणसाने १९२६ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि त्याला लेपिडोकॅरिस म्हटलं. गोड्या पाण्यातल्या या गोतावळ्याच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत त्याची गणना होते. काकांना यातला जीव आवडतोच, पण जास्त आवडते ती दुसरी गोष्ट. "एक डॉक्टर, एक हौशी. दोघांतही प्रोफेसर कोणी नाही. आणि सापडलं कुठं? कुंपणाच्या भिंतीत. रोज लोक जायचे तिथून, बकऱ्या घेऊन." मग टॉर्च पुन्हा भिंतीवर.

आता माझ्या अपराधाबद्दल.

पाच-सहा वर्षांपूर्वीचा डिसेंबर. मी पुण्याहून गेलो होतो, अंगात करडा स्वेटर, नाक चोंदलेलं. काका मला पाहून दारातच म्हणाले, "ये. पण हात धुऊन ये." ट्रेवर एकच कण होता. दोन्ही शिंपा मिटलेल्या, साबूत, आणि अंगावर जाळीची नक्षी. तशी नक्षी त्यांनी त्या मातीत कधी पाहिली नव्हती. त्यांचं मत असं की ही नवी जात. पुढल्या आठवड्यात युनिव्हर्सिटीतले एक तज्ज्ञ बघायला येणार होते. ते हो म्हणाले की नाव ठेवायचं. स्वतःचं नाव स्वतः ठेवण्याची पद्धत नसते, पण काकांच्या मनात ते नव्हतंच. १७७६ मध्ये डेन्मार्कच्या म्यूलरने पहिल्यांदा या प्राण्यांना सिप्रिस नाव दिलं ते ग्रीकांच्या प्रेमदेवतेचं. "मग मी तिचं ठेवलं तर काय बिघडलं?" म्हणत काकांनी स्वयंपाकघराकडे मान केली. तिथून फोडणीचा वास आला. मिरचीची फोडणी.

मी शिंकलो.

मला अजून आठवतं, काका ओरडले नाहीत. त्यांनी पंखा बंद केला. खिडक्या लावल्या. मला वर्तमानपत्रावर उभं केलं आणि "हलू नको" म्हणाले. स्वेटर अलगद काढून पांढऱ्या चादरीवर झटकला. जमीन ब्रशने झाडली, इंचा-इंचाने. कामवाल्या बाईंना तीन दिवस रजा. त्या तीन दिवसांत मायक्रोस्कोपखाली आलेला ऐवज असा: रवा, टाल्कम पावडर, मुंगीचा एक पाय, मोहरीचं सालपट, कुणाच्या तरी लग्नातली एक टिकली आणि माझ्या स्वेटरचे असंख्य धागे. चौथ्या दिवशी काकांनी साठ चौकोनांची ती कार्डाची स्लाइड काढली. सदतिसावा चौकोन रिकामा होता. त्यासमोर वहीत पेन्सिलने लिहिलं: प्रवासात.

तज्ज्ञ आले, चहा घेतला, गेले.

निघताना काका मला स्टेशनवर सोडायला आले. गाडी हलताना खिडकीशी येऊन म्हणाले, "स्वेटर धुवू नको."

त्याच आठवड्यात आईने तो ईझीत भिजवला. पुढच्या दिवाळीत चार जुन्या पँटींबरोबर तो बोहारणीला गेला आणि घरात स्टीलचा झाकणाचा डबा आला. हे मी काकांना सांगितलेलं नाही. दर हिवाळ्यात त्यांचा फोन येतो. तब्येत, पाऊस, नातवाचे मार्क, आणि मग थोडं थांबून, "धुतला नाही ना रे?"

"नाही काका."

"डाव्या बाहीच्या घडीत असेल. लोकर धरून ठेवते."

परवा पुन्हा फोन आला. या वेळी आवाजात उत्साह होता. मार्चमध्ये पुण्यात एक लग्न आहे, काकूंसह येतायत, चार दिवस आमच्याकडेच उतरणार. ब्रश बरोबर आणतोय म्हणाले, मायक्रोस्कोप रेल्वेत सांभाळून कसा आणायचा ते बघून राहिलो.

तर सध्या मी जुन्या बाजारात करडा स्वेटर शोधतोय. वापरलेला हवा, डावी बाही कोपराशी थोडी उसवलेली, आणि न धुतलेला.